झाकलेला आकडा : नाशिकमधल्या एका टॅटू-शिकाऊ मुलीचं प्रकरण

पंचवटीत लग्नसराईला मेंदीच्या ऑर्डरी घेणारी, इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा 'अ' श्रेणीत पास झालेली तेवीस वर्षांची मुलगी. कॉलेज रोडलगतच्या एका टॅटू स्टुडिओत ती सहा महिने मदतनीस होती. पगार नव्हता, शिकवणीची फीही नव्हती. "बघत बघत शिकशील," एवढंच ठरलं होतं. सहा महिन्यांनी तिने ऑनलाइन मागवलेल्या किटवर मावसबहिणीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला 'आई' असं गोंदलं. अक्षरांची उंची १२ मिलिमीटर. त्या दिवशी घरात सगळ्यांना आवडलं. तिसऱ्या दिवशी शिरोरेखेच्या खालच्या अंगाला निळसर सावली दिसू लागली. तीन आठवड्यांनी 'ई'चा मधला वळसा बुजला आणि तिथे काळा ठिपका उरला.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. या वाटेने गेलेल्या कोणालाही यात आपलं काही ना काही सापडेल, म्हणून नावं घातलेली नाहीत. आपण इथे दोन गोष्टी पाहणार आहोत: मनगटावर नेमकं काय बिघडलं, आणि त्यातलं किती स्टुडिओमालकाने न सांगितल्यामुळे बिघडलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच वेगळं निघालं.

सहा महिन्यांत काय हाती आलं

काहीच शिकवलं नाही, ही तिची तक्रार पूर्ण खरी नाही. स्टेन्सिलचं, म्हणजे कागदावरची नक्षी त्वचेवर उठवण्याचं, काम तिचं पक्कं झालं होतं. जागेवरचे केस नव्या, एकदाच वापरायच्या रेझरने काढायचे, पातळ केलेल्या ग्रीन सोपने पुसायचं, मग स्पिरिट, मग त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्यायची. ट्रान्सफर जेलचा अगदी पातळ हात फिरवायचा. जास्त झालं की रेघ ओघळते. कागद एकदाच टेकवायचा, सरकवायचा नाही, आणि उठवल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच वाळू द्यायचं. एप्रिल-मे महिन्यांत घामामुळे हीच पायरी फसते, त्यामुळे पंखा त्वचेवर नको, खोली गार हवी. उजव्या हाताने काम करणाऱ्याने खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करून वर-डावीकडे जायचं, म्हणजे पुसताना पुढची स्टेन्सिल पुसली जात नाही. हे सगळं तिने नुसतं बघून उचललं.

झाकलेलं होतं ते वेगळं. पॉवर सप्लायच्या आकड्यावर काळी टेप. कार्ट्रिज, म्हणजे मशीनला लावायची सुयांची नळी, पाकिटातून आधीच काढून साध्या ट्रेमध्ये ठेवलेली, म्हणजे सुईचा नंबर दिसू नये. ग्रे वॉशच्या, म्हणजे छटांसाठी पाण्यात पातळ केलेल्या काळ्या शाईच्या, बाटल्यांना लेबल नाही. माल आला की कुरिअरचा पत्ता फाडून टाकलेला. "दादा, लाइनला व्होल्टेज किती ठेवता?" असं विचारलं की, "आधी बघायला शिक. आकडे नंतर."

झाकलेल्या वस्तूचं जे होतं तेच झालं. खरं गुपित आकड्यातच आहे, अशी तिची खात्री झाली. एकदा टेपचा कोपरा सुटला तेव्हा तिला ७.८ दिसलं. घरी तिने मशीन ७.८ व्होल्टवर लावलं आणि त्याच आकड्यावर बहिणीचं मनगट गोंदलं.

त्या आकड्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता

मालकाचं मशीन आणि तिचं मशीन दोन्ही रोटरी पेन, म्हणजे मोटरवर चालणारी, पेनासारखी धरायची यंत्रं, पण मोटर वेगळी आणि स्ट्रोकही वेगळा. स्ट्रोक म्हणजे एका फेरीत सुई जेवढी खाली-वर होते ते अंतर. मऊ शेडिंगला २.५ ते ३ मिलिमीटर, सगळ्या कामांना चालेल असा ३.५, लाइनला ४ किंवा जास्त, असा साधारण प्रघात. एकच व्होल्टेज दिलं तरी वेगळ्या मोटरवर सेकंदाला होणारे ठोके वेगळे असतात, आणि सुई त्वचेत शिरली की कमकुवत मोटर आणखी मंदावते. स्वस्त किटमधली मोटर हवेत छान गुणगुणते आणि त्वचेवर दम टाकते. म्हणजे मालकाने टेप काढून आकडा स्वतः वाचून दाखवला असता, तरी तो तिच्या मशीनला लागू पडला नसता.

उपयोगाचा हिशेब ठोके आणि हाताचा वेग यांच्या गुणोत्तराचा असतो. समजा मशीन सेकंदाला १०० ठोके देतंय. हात सेकंदाला १० मिलिमीटर सरकला तर दोन ठोक्यांत ०.१ मिलिमीटरचं अंतर पडतं. १२ नंबरची सुई ०.३५ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे ठोके एकमेकांवर व्यवस्थित चढतात आणि रेघ भरीव येते. हात ३ मिलिमीटरवर आला तर तोच ठोका ०.०३ मिलिमीटरवर पुन्हा बसतो. त्वचा कुटली जाते, लस येते, जाड खपली धरते आणि खपलीबरोबर शाईही निघून जाते. हात फार पळाला तर उलटी गत, रेघेत ठिपके आणि मोकळ्या जागा. मेंदीच्या कोनाची सवय असलेला हात वळणावर थबकतो, कारण कोनाला तिथे थबकावंच लागतं. 'ई'च्या वळशात तिचा हात नेमका तसाच थबकला आणि शाई एकाच जागी साचली. वळसा बुजण्याचं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं कारण अक्षराच्या मापात आहे. शाई वर्षानुवर्षं थोडी पसरतच जाते, त्यामुळे आतली मोकळी जागा रेघेच्या जाडीच्या निदान दुप्पट-तिप्पट ठेवावी लागते. देवनागरीत 'ई', 'ज्ञ', 'श्र', 'क्ष' आणि रफार-अनुस्वाराच्या जागा आधी बुजतात. १२ मिलिमीटर उंचीच्या 'ई'ला सात सुयांचा राउंड लायनर, म्हणजे १२०७ आरएल, जाडच होता. तिथे तीन सुयांचा घ्यायचा, नाहीतर अक्षर २० मिलिमीटरपर्यंत वाढवायचं. इंग्रजी अक्षरांवर सराव केलेल्यांना ही गोष्ट लवकर उमगत नाही. शिरोरेखेचंही तसंच. लांब, आडवी, सरळ रेघ म्हणजे लाइनकामातली सर्वांत अवघड परीक्षा, आणि देवनागरीत ती प्रत्येक शब्दाला द्यावी लागते.

निळी सावली

याला धंद्यात ब्लोआउट म्हणतात. त्वचेचा वरचा थर बहुतेक जागी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढाच असतो. त्याखालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटरच्या पट्ट्यात, शाई बसली की टिकते. त्याहून वर राहिली तर त्वचेबरोबर झडते. खाली चरबीत गेली तर तिला धरून ठेवायला काही नसतं आणि ती पसरते. काळी शाई खोलवरून निळी दिसते, कारण वरची त्वचा निळा प्रकाश जास्त परतवते.

पहिल्या आठवड्यात ब्लोआउट आणि साधा मुका मार यांत गल्लत होते. मार असेल तर डाग हिरवट-पिवळा होत दोनेक आठवड्यांत विरतो. ब्लोआउट तसाच राहतो. तोवर त्या जागेला सुई लावायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

भिंगातून पाहिलं तर इथे सावली रेघेच्या एकाच बाजूला होती, शिरोरेखेच्या खाली. दोन्ही बाजूंना समान असती तर नुसत्या खोलीचा दोष म्हणता आला असता. एका बाजूला झुकलेली सावली सांगते की सुई तिरकी होती आणि तिचं टोक त्या बाजूला त्वचेखाली शाई ढकलत होतं. मनगट टेबलावर नीट टेकवलेलं नव्हतं, ती वरून वाकून काम करत होती, पेन आपोआप कललं.

पण खोलीही चुकलीच होती, आणि या प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. स्टुडिओत तिने पाहिलं होतं की मालकाची सुई टोकाबाहेर तीनेक मिलिमीटर निघालेली असते. तिने आपली ग्रिप फिरवून तेवढीच सुई बाहेर काढली. बरोबरच होतं ते. मात्र मालक ती पूर्ण आत घालत नव्हता. तो सुई तरंगती ठेवायचा, तीनातली जेमतेम दीड मिलिमीटर आत जायची आणि उरलेली त्याला दिसत राहायची, म्हणजे शाईचा प्रवाह कळायचा. तिने मात्र कार्ट्रिजचं टोक त्वचेला टेकवलं. किती सुई बाहेर आहे हे शेजारच्या खुर्चीवरून दिसतं. किती आत जातेय ते दिसत नाही. त्यावर कोणी टेप लावलेली नव्हती, तरी ते झाकलेलंच होतं.

यात भर सरावाची. सिलिकॉनचं सरावाचं पॅड चिवट असतं, त्यात शाई घालायला जोर लावावा लागतो. पॅड ताणावं लागत नाही. त्यावर शाई सांडली तरी व्हॅसलिनने पुसून निघते, रेघ स्वच्छ दिसते आणि खोलीचा दोष लपतो. सहा-सात पॅड भरून तिच्या हाताला दोन सवयी लागल्या होत्या: जोर लावायचा, आणि दुसरा हात मोकळा ठेवायचा. मनगटाच्या आतल्या बाजूची त्वचा शरीरावरच्या पातळ त्वचांपैकी. न ताणलेली त्वचा सुईखाली उसळते, रेघ थरथरते, मग माणूस आणखी दाबतो. घोटा, बरगडी, कोपराचा आतला भाग या जागाही अशाच. पहिल्या कामाला दंडाची बाहेरची बाजू किंवा पोटरी घ्यायची, हे एक वाक्य तिला कोणी सांगितलं असतं तर बहिणीचं मनगट वाचलं असतं. हे न सांगणं आमच्या मते अक्षम्य आहे. यात कोणाच्या धंद्याला धक्का लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती

घरी तिने वापरलेली सुई प्रेशर कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन पुन्हा वापरली. सुदैवाने स्वतःच्याच पॅडवर. कुकरमधलं तापमान ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, १२१ अंशांच्या आसपास जातं हे खरं. पण तेवढं तापमान १५ ते २० मिनिटं टिकलं का, वाफ सुईगटाच्या आत पोचली का, काढल्यावर सुई निर्जंतुक आणि कोरडी राहिली का, यातलं काहीच तपासता येत नाही. शिवाय वापरलेल्या सुईचं टोक वाकलेलं असतं, ते त्वचा फाडतं. सुई आणि कार्ट्रिज एकदाच वापरायची. कार्ट्रिज आतल्या पडद्यासकटच घ्यायची, नाहीतर रक्तमिश्रित शाई उलटी मशीनमध्ये जाते आणि पुढच्या ग्राहकाच्या वाट्याला येते. वायरीवर, मशीनवर, स्प्रेच्या बाटलीवर प्लास्टिकचं आवरण, आणि ते दर ग्राहकाला बदलायचं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो. शिकाऊने पहिल्या दिवसाआधी त्याची लस सुरू करायची: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. सहा महिने तिने वापरलेल्या सुया उचलल्या, आणि लसीचा विषय एकदाही निघाला नाही.

सुई टोचलीच तर जागा पिळायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर देऊन उपयोग नसतो. ग्राहकालाही एक गोष्ट आधी सांगायची: टॅटूनंतर आपल्याकडे वर्षभर रक्तदान करता येत नाही. आणि नाशिकपुरती दुसरी: ताजा टॅटू घेऊन रामकुंडात किंवा धरणात उतरायचं नाही, निदान तीन आठवडे. सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या वेळी हे बजावूनच सांगावं लागेल.

मालक गप्प का होता

लोभ म्हणून सोडून देणं सोपं आहे. त्याची बाजू ऐकली तर त्याने तिला पहिल्याच महिन्यात एका कागदावर सही करायला सांगितली होती: काम सोडल्यावर तीन वर्षं नाशिक शहरात स्टुडिओ काढायचा नाही. तिने वकिलाला दाखवलं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ धंदा करण्यावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरवतं. नोकरी चालू असतानाची बंधनं टिकतात, नोकरी सुटल्यानंतरची अशी सरसकट बंदी टिकत नाही. वकिलाचं हे मत तिने भाबडेपणाने मालकालाच सांगितलं. त्यानंतर टेप लागली.

म्हणजे कागद त्याचं रक्षण करू शकत नव्हता, म्हणून त्याने गप्प राहणं पत्करलं. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर असं फिरलं तर टॅटूची गिऱ्हाइकं याच दोन-चार भागांतली, आणि शिकून गेलेला माणूस पहिली गिऱ्हाइकं ओळखीतलीच उचलतो. आपल्याकडे या कामाला वेगळा परवाना नाही, सरकारी परीक्षा नाही. सनद नसलेल्या धंद्यात माहिती हेच भांडवल होऊन बसतं. सप्तशृंगगडाच्या चैत्र यात्रेत किंवा त्र्यंबकेश्वराला बसणाऱ्या गोंदणाऱ्या बायकांकडेही विद्या घरातच फिरत आली, आईकडून मुलीकडे. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया आणि काजळी, त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण तुळस कुठे, चौफुली कशी, किती टोचे, हे परक्याला सांगायचं कारणच पडलं नाही. आता जत्रेत त्यांच्याही हाती बॅटरीचं मशीन आलंय, आणि एकच सुई दहा हातांवर फिरताना दिसते. ती विद्या टिकवताना ही सवय मात्र मोडायला हवी.

गुपित म्हणून जे जपलं जातं त्यातलं बरंचसं तसं उघडंच आहे. सॅम्युअल ओरायली याने न्यूयॉर्कमध्ये विजेच्या टॅटूयंत्राचं पेटंट घेतलं ते १८९१ मध्ये, एडिसनच्या १८७६ च्या विजेच्या लेखणीच्या धर्तीवर. आराखडा तेव्हापासून छापील कागदावर आहे. ग्रे वॉशही घरी जमतं: प्रत्येकी दहा थेंब डिस्टिल्ड पाण्यात एक, तीन आणि सहा थेंब काळी शाई, प्रत्येकाचा पट्टा कागदावर ओढून वाळवून बघायचा. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर बरं झाल्यावर सगळं एक पायरी फिकं पडतं. त्यामुळे एका थेंबाची छटा बहुधा दिसणारच नाही, तिथे दोन घ्यावे लागतात.

दुरुस्ती

पहिलं काम, पॅड कापणं. एका पॅडवर पाच सेंटिमीटरच्या पंधरा रेघा: ६.५, ७, ७.५, ८ आणि ८.५ व्होल्ट, आणि प्रत्येक व्होल्टेजला रेघ पूर्ण करायला तीन, पाच आणि आठ सेकंद. सुई एकच, बाहेर निघालेलं टोक एकच. प्रत्येक रेघेशेजारी आकडे लिहायचे, मग धारदार ब्लेडने पॅड रेघांना आडवा छेद देत कापायचं आणि भिंग-पट्टी घेऊन शाई किती खोल गेली ते मोजायचं. तिच्या पहिल्या पॅडवर बहुतेक रेघा अडीच मिलिमीटरहून खोल होत्या, दोन तर आरपार. तिसऱ्या पॅडपर्यंत बऱ्याचशा सव्वा ते दीडच्या आत आल्या. इतके दिवस ती पॅड वरून बघत होती. छेद घेतल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःची खोली दिसली, आणि त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागली नाही.

पॅडच्या जोडीला मोसंबी. सालीवर रेघ मारताना रस सुटला की खोली गेलीच. (द्राक्षावर सराव करायचा सल्ला नाशिकात गमतीने दिला जातो. ते पहिल्याच ठोक्याला फुटतं.) वळणांसाठी पॅड बाटलीभोवती गुंडाळायचं आणि डाव्या हाताने खरोखर ताणायचं.

दुसरं, मालकाशी नवा सौदा. "मला शिकवा" ही मागणी तिने सोडली. आठवड्यातून तीन दिवस स्टेन्सिल आणि स्वच्छतेचं काम ती करणार, बदल्यात मालक आठवड्याला एकदा, पंधरा मिनिटं, तिचं काम बघून दोष सांगणार. आकडे, माल कुठून येतो, दर यांवर प्रश्न विचारायचे नाहीत. हे त्याला मानवलं. दोष दाखवताना त्याला स्वतःचं काही उघडं करावं लागत नव्हतं.

आणि तरी पहिल्याच बैठकीत त्याने जे दिलं ते कुठल्याही आकड्याने दिलं नसतं. तिच्या डाव्या हातावर आपला हात ठेवून त्याने त्वचा तीन दिशांना ताणून दाखवली: अंगठा खाली, दोन बोटं वर, आणि मशीन धरलेल्या हाताची करंगळी तिसऱ्या बाजूला. ताण किती, हे तिला तिथे बोटांत कळलं. "ढोलकीचं कातडं कसं ताठ असतं, तेवढं," एवढंच तो म्हणाला.

मग स्वतःच्या डाव्या मांडीवर सहा रेघा, प्रत्येकी चार सेंटिमीटर, तीनच्या लायनरने. सहा आठवड्यांनी तीन नीट, दोन फिक्या आणि एकीत मध्ये खंड. सावली एकीलाही नव्हती. फिक्या दोन हात हलका ठेवण्याच्या धाकातून आलेल्या. हा दोष परवडतो, फिकी रेघ पुन्हा ओढता येते.

बहिणीच्या मनगटाला सहा आठवडे हात लावला नाही. ब्लोआउट टचअपने जात नाही, त्याच रेघेवर पुन्हा गेलं की वाढतो. पर्याय तीन होते: लेझर, रेघ जाड करून सावली पोटात घेणं, किंवा सावलीलाच शेडिंग बनवणं. 'ई' वाचवणं शक्य नव्हतं, म्हणून रेघ जाड करण्यात अर्थ नव्हता. शेवटी मालकानेच अक्षरांवरून तुळशीचं वृंदावन बसवलं, जुनी गोंदणातली पद्धत, ठिपक्यांची. निळी सावली खालच्या चौथऱ्यात गेली. ते काम चालू असताना पॉवर सप्लायवरची टेप तशीच होती. तिने या वेळी तिकडे पाहिलं नाही. ती त्याचा डावा हात बघत होती.